पेढीचं पागोटं

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव आज कुणाला सांगता येणार नाही. नावाचं काय घेऊन बसलात, गोष्ट नीट ऐका. लहानांनी ऐका आणि मोठ्यांनी तर कान देऊन ऐका. लहानांना ही गोष्ट एका बैठकीत कळते. मोठ्यांना कळायला वेळ लागतो, असा माझा अनुभव आहे.

त्या राज्यात एक उंच कडा होता. कड्याच्या मधोमध पांढऱ्या, चिवट दगडाचा एक पट्टा होता. तसला दगड पंचक्रोशीत दुसरीकडे मिळत नसे. देवळाचा उंबरा असो की नदीचा घाट, लोकांना तोच दगड हवा असे. पण काढायचा कसा? खालून शिडी पुरत नसे आणि वरून पाय ठेवायला जागा नव्हती. म्हणून कड्याच्या माथ्यावर एक मोठा रहाट उभा केला होता. रहाटाला अंबाडीचा जाड दोर आणि दोराच्या टोकाला फळ्यांचा एक पाळणा. पाळण्यात तीन पाथरवट बसत. वरचे गडी रहाट फिरवून त्यांना हळूहळू खाली सोडत, आणि ते तिघे दिवसभर अधांतरी लोंबकळत दगडावर छिन्नी चालवत. खाली दरी होती. दरीचा तळ सकाळच्या धुक्यात दिसत नसे.

खाण एका पेढीची होती. ही पेढी ज्या म्हाताऱ्याने काढली तो स्वतः पाथरवट होता, आणि त्याने एक रीत घालून दिली होती. नवा दोर चढवला की, आणि पुढे दर अमावास्येला, पाळण्यात आधी मालकाने बसायचं. शेजारी दोन माणसांच्या वजनाचे धोंडे ठेवायचे, तळापर्यंत जायचं आणि वर यायचं. वर आल्यावर दोराच्या मोकळ्या शेपटाला स्वतःच्या हाताने एक गाठ मारायची. मगच माणसं उतरवायची. आणि बारा गाठी झाल्या की दोर काढून टाकायचा, मग तो दिसायला कितीही धडधाकट असो.

"माझा जीव तोलेल तो दोर माझ्या माणसांचा तोलेल," असं म्हातारा म्हणे.

पाळण्यात बसलेला माणूस खाली दरीकडे बघतो असं तुम्हाला वाटत असेल. नाही हो. तो वर बघतो, दोराकडे. म्हातारा जाताना आणि येताना दोराचा एकेक पीळ डोळ्यांखालून घाली. त्याच्या हयातीत त्या कड्यावर बोटं चेपली, डोकी फुटली, पण दोर एकदाही तुटला नाही.

म्हातारा गेला. त्याचा मुलगा गादीवर बसला. एका अमावास्येला त्याला सडकून ताप भरला. रीत तर मोडायची नव्हती, म्हणून त्याने बापाचं लाल पागोटं पाळण्यात ठेवलं आणि पाळणा खाली सोडायला सांगितलं. कुणी हरकत घेतली नाही. पागोटं म्हणजे माणूसच, असं मानणारे लोक ते. नवरदेव लढाईवर अडकला तर त्याच्या तलवारीशी मुलीचं लग्न लावणारे. पागोटं खाली गेलं, वर आलं, गाठ बसली. चार दिवसांनी मालकाचा ताप उतरला, पण मालक पुन्हा काही पाळण्यात बसला नाही.

त्याच्यामागे त्याचे तीन मुलगे आले, आणि आपली गोष्ट या तिघांची आहे. थोरला शेट पेढीवर बसून हुकूम सोडायचा. मधला शेट दर अमावास्येला पागोटं घेऊन कड्यावर यायचा आणि गाठ मारायचा. धाकटा शेट राजधानीत राहायचा, दरबाराच्या दिवशी तेच पागोटं मागवून घालायचा, मुजरा करायचा आणि नवी कामं आणायचा. खाण कशी असते हे त्याने डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

अमावास्येचा थाट मात्र वाढला होता. पागोट्याला हळदकुंकू लागे, नारळ फुटे, सनई-चौघडा वाजे. पागोटं वर आलं की पाथरवट टाळ्या वाजवत. धोंडे ठेवणं केव्हाच बंद झालं होतं, कारण धोंड्यांनी पागोटं चेपतं. हसू नका. तुमच्या-आमच्या घरी अशा किती रीती चालल्या आहेत, ते आठवून बघा.

आता सुंद्राची ओळख करून देतो. सुंद्रा खाणीचे दोर वळायची. तिची आई वळायची, आजी वळायची. अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचा तंतू, हातात घेतला की तो किती वर्षं टिकेल ते ती सांगे. तिचा नवरा येमा पाळण्यात बसणाऱ्या तिघांतला एक. म्हणजे बायकोने वळलेल्या दोरावर नवरा लोंबकळायचा. सुंद्रा दोर वळताना कुणाशी बोलत नसे ते यामुळेच. त्यांना तीन वर्षांची एक मुलगी होती, तिलाही सुंद्रा त्या वेळी जवळ येऊ देत नसे.

त्या वर्षी राज्याच्या राणीने नदीला शंभर पायऱ्यांचा घाट बांधायला काढला. धाकट्या शेटने दरबारात पागोट्याला हात लावून शब्द दिला, "दसऱ्याला शंभरावी पायरी बसेल, राणीसाहेब." राणी खूश झाली. दसऱ्याला त्या घाटावरून पालखी उतरेल अशी दवंडी पिटली गेली.

दोराच्या बारा गाठी ज्येष्ठ महिन्यात भरल्या. सुंद्राने नवा दोर वळून तयार ठेवला होता. रहाटापासून पन्नास पावलांवरच्या छपरात तो खुंट्यांवर टांगलेला होता. पण दोर बदलायचा म्हणजे रहाट उतरवा, नव्या दोराला धोंडे बांधून ताण द्या, पुन्हा रहाट चढवा. आठ दिवस काम बंद.

"दसऱ्यानंतर बघू," थोरला शेट म्हणाला.

पाऊस लागला. त्या वर्षीचा पाऊस असा, की चुलीजवळ वाळत घातलेलं धडुतंसुद्धा वाळेना. दोर दिवसरात्र भिजत होता. आषाढी अमावास्येला पागोटं खाली गेलं, वर आलं, आणि मधल्या शेटने तेरावी गाठ मारली. पोळ्याच्या अमावास्येला चौदावी.

पोळा होऊन आठ दिवस झाले असतील. सुंद्राने रहाटाजवळ दोराचे पीळ अंगठ्याने उलगडून बघितले. वरून दोर पिवळा होता, आतून काळा. वाख नखाने ओढला तर त्याचा भुगा झाला. सडक्या पाण्यासारखा वास आला. ती तशीच उठली आणि मुकादमाकडे गेली. गोंदाजी मुकादम म्हणजे रहाटावरच्या गड्यांचा म्होरक्या. माणूस वाईट नव्हता, पण भित्रा होता.

"मामा, दोर मेलाय," सुंद्रा म्हणाली. "आतून सडलाय. उद्यापासून माणसं सोडू नका."

गोंदाजीने दोर पाहिला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो पेढीवर गेला. थोरला शेट गादीला टेकून बसला होता.

"शेट, दोराचं काही खरं नाही."

"पागोटं पोळ्याला सुखरूप वर आलं ना?"

"आलं, पण—"

"मग? माझ्या आज्याच्या पागोट्यापेक्षा त्या बाईची नखं शहाणी झाली का? जा, काम बघ."

गोंदाजी तीनदा गेला. तिसऱ्यांदा शेट म्हणाला, "तुला जमत नसेल तर सांग. मुकादमी करायला दहाजण टपून बसलेत." गोंदाजीच्या घरात सहा तोंडं खाणारी होती. तो गप्प बसला.

पितरांच्या अमावास्येला मधला शेट पागोटं घेऊन कड्यावर आला. सनई वाजली, पागोटं गेलं आणि आलं. शेट गाठ मारायला वाकला तशी सुंद्रा पुढे झाली. तिने मूठ उघडली. मुठीत काळा भुगा होता.

"शेट, हा दोराच्या पोटातला आहे. ही पंधरावी गाठ. मारू नका."

मधल्या शेटने भुगा पाहिला. बोटांवर घेऊन चोळला. तो माणूस बावळट नव्हता, त्याला सगळं कळलं. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "दादांच्या कानावर घालतो."

आणि त्याने गाठ मारली. हात धुतले, पागोटं पेटीत ठेवलं आणि घरी गेला. दादांच्या कानावर त्याने काहीही घातलं नाही. दादा चिडले असते.

दुसऱ्या दिवशी घटस्थापना. फक्त तीन पायऱ्यांचा दगड काढायचा राहिला होता. येमा भाकरी बांधून निघाला तेव्हा सुंद्रा दारात आडवी उभी राहिली.

"आज जाऊ नका."

"सुंद्रे, तीन दगड राहिलेत. संपलं की सुट्टी."

"दोर सडलाय म्हणते मी. माझ्या हातानं वळलेला दोर मला कळत नाही होय?"

येमा हसला. त्याच्या मनात कपट नव्हतं, म्हणून दुसऱ्याच्या मनातलंही त्याला दिसत नसे. तो म्हणाला, "काल पागोटं उतरलं होतं त्या दोरावर. पेढीची तीन पिढ्यांची अब्रू ती. आपली अब्रू सडक्या दोराला कोण टांगेल? शेटलोकांना आपल्या जिवाची नसेल काळजी, पण पागोट्याची तर आहे."

बघा बरं, किती सरळ हिशेब. आणि किती चुकीचा. पागोट्याचं वजन ते किती, तेवढं त्याने धरलंच नाही.

तो मुलीच्या गालाला हात लावून गेला. सुंद्रा त्याच्या मागोमाग कड्यापर्यंत धावली. ती पोहोचली तेव्हा पाळणा काठाखाली उतरला होता. गोंदाजी रहाटाजवळ उभा होता आणि तिच्याकडे बघत नव्हता.

दोर तुटला तेव्हा फार मोठा आवाज झाला नाही. ओली फांदी मोडावी तसा झाला. रहाट एकदम हलका झाला आणि गरगर फिरला. वरचे गडी पाठीवर पडले. मग खालून आवाज आला, आणि तो मात्र सगळ्या डोंगराने ऐकला.

येमा गेला. त्याच्या बरोबरचे दोघे गेले. त्यातल्या एकाचं लग्न ठरलेलं होतं.

प्रेतं वर आणायला दोर हवा होता. गड्यांनी छपरातला नवा दोर काढला. त्याच दिवशी रहाट उतरवला, धोंडे बांधून दोर ताणला आणि दिवस मावळायच्या आत रहाट पुन्हा चढवला. आठ दिवसांचं काम एका दिवसात झालं, आणि हे आधी का झालं नाही असं तिथे कुणीच कुणाला विचारलं नाही. सुंद्राने वळलेला तो कोरा दोर पहिल्यांदा खाली गेला तो तिच्या नवऱ्याचं प्रेत आणायला. ती काठावर बसून दोराचा एकेक पीळ वर येताना बघत होती. दोर उत्तम होता. तिला त्याचाच संताप आला.

आता पुढचं तुम्हाला ठाऊकच असेल, कारण असंच होतं. ठाणेदार आला आणि त्याने गोंदाजी मुकादमाला बेड्या घातल्या. पाळणा त्याने सोडला होता ना? थोरल्या शेटने हळहळ व्यक्त केली, तिन्ही घरी धान्याची पोती पाठवली आणि म्हणाला, "दैवापुढे कुणाचं चालतं?" तिन्ही शेट नामानिराळे राहिले. चोर सोडून संन्याशाला फाशी.

सुंद्राने पोती उघडली नाहीत. तेराव्याचा विधी झाल्यावर तिने तुटक्या दोराचं शेपूट खांद्यावर टाकलं, मुलीला कडेवर घेतलं आणि राजधानीचा रस्ता धरला. चार दिवस चालली. तोवर दसरा उलटून गेला होता आणि घाट अर्धवटच पडला होता.

राणी वयाने म्हातारी आणि स्वभावाने तापट होती. तिला लांबण चालत नसे. तिने शेपूट हातात घेऊन गाठी मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि तिन्ही शेटना आणि मुकादमाला बोलावणं धाडलं.

दरबार भरला. राणी सुंद्राला म्हणाली, "कोण गेलं तुझं?"

सुंद्रा म्हणाली, "माझा नवरा. येमा त्याचं नाव. ते नाव मी आजवर तोंडानं घेतलं नव्हतं. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं म्हणतात. आता घेते, कारण घटायला काही उरलं नाही."

दरबारातल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावला. राणीने लावला नाही. ती गोंदाजीकडे वळली.

"दोर सडलाय हे तुला माहीत होतं?"

"होतं, राणीसाहेब. तीनदा पेढीवर जाऊन सांगितलं."

"आणि तरीही पाळणा सोडलास."

गोंदाजी खाली बसला आणि रडू लागला. राणी म्हणाली, "तू सांगितलंस, म्हणून तुझ्या बेड्या काढते. तू सोडलास, म्हणून आयुष्यात पुन्हा माणसांवर मुकादमी करणार नाहीस. बाजूला हो. आता मोठ्या माणसांना विचारू."

थोरला शेट पुढे आला. "राणीसाहेब, मी त्या दिवशी कड्यावर नव्हतो. पाळण्याला माझा हातही लागलेला नाही."

"दोर बदलायचा नाही असं कुणी ठरवलं?"

"पेढीनं ठरवलं."

"पेढी म्हणजे कोण?"

"पेढी म्हणजे... पेढी. आज्यापासून चालत आलेली."

"तिला तोंड आहे? तिनं तुझ्या कानात येऊन सांगितलं?"

शेट घाम पुसू लागला. म्हणाला, "दोर तसा मजबूत होता. आमचे दिवस वाईट, दुसरं काय."

राणी म्हणाली, "तुटक्या दोराचा वरचा भाग गड्यांनी जपून ठेवलाय. उद्या सकाळी तो रहाटाला लावू. तू बसतोस पाळण्यात?"

शेट दोन पावलं मागे सरकला. राणी म्हणाली, "म्हणजे तुलाही माहीत होतं," आणि मधल्याला पुढे बोलावलं.

मधला शेट हात जोडून म्हणाला, "मी काय करणार? थोरले बंधू सांगतील तसं वागायचं, अशी आमच्या घरची शिस्त. माझ्या हातात काही नव्हतं."

राणीने शेपूट त्याच्यापुढे टाकलं. "तेरावी, चौदावी, पंधरावी. या गाठी कुणाच्या हातच्या?"

मधल्याने आपले दोन्ही हात पाठीमागे घेतले.

धाकट्याचा नंबर आला तेव्हा तो जरा धीट होता. राजधानीत वावरलेला माणूस. म्हणाला, "राणीसाहेब, मी तर तो कडा पाहिलाही नाही. सडका दोर आणि चांगला दोर यांतला फरक मला कळत नाही."

"तुझ्याच खाणीचा कडा. बघायला तुला मनाई कुणी केली होती?"

"मनाई नव्हती. गरज पडली नाही."

"त्या खाणीच्या जिवावर दरबारात मिरवायची गरज मात्र पडली."

धाकटा हुशार होता. त्याने मान लववून म्हटलं, "चूक झाली, हे आम्ही नाकारत नाही. पण चूक एका माणसाची नाही, पेढीची आहे. तेव्हा शिक्षाही पेढीलाच व्हावी. आमचं पागोटं हीच पेढीची खूण. त्याच्या मानानं आम्ही दरबारात बसतो. ते जप्त करा, बंदिशाळेत टाका, हवं तर भर चौकात जाळा. घराण्याला याहून मोठा डाग नाही."

दरबारात कुजबुज झाली. बऱ्याच मानकऱ्यांना ही तोड पसंत पडली. त्यांच्याही घरी पागोटी होती. सुंद्रा मात्र उभी होती ती भिंतीला टेकली. तिला वाटलं, झालं. पागोटं खाली गेलं आणि पागोटंच वर आलं, मधे माझा माणूस गेला तो गेला.

राणी म्हणाली, "मान्य. शिक्षा पागोट्याला. आणा ते."

पेटीतून लाल पागोटं आलं. राणी स्वतः आसनावरून उतरली. तिने ते पागोटं उचललं आणि थोरल्या शेटच्या डोक्यावर ठेवलं. नीट बसलं. काढून मधल्याच्या डोक्यावर ठेवलं. त्यालाही बसलं. धाकट्याच्या डोक्यावर ठेवलं तर त्याने सवयीने स्वतःच हात लावून सरळ केलं.

राणी म्हणाली, "तिघांनाही बसतं. दरबारात मान घ्यायची वेळ आली तेव्हा पागोटं म्हणजे तुम्ही होतात. दोराची खात्री द्यायची वेळ आली तेव्हाही पागोटं म्हणजे तुम्हीच, ते बघूनच ही माणसं पाळण्यात बसली. मग आज ते नुसतं कापड कसं झालं? पागोटं बंदिशाळेत जाईल. ज्या ज्या डोक्याला ते बसतं, त्या डोक्यांसकट जाईल."

थोरल्याला चौदा वर्षं, कारण त्याने ठरवलं. मधल्याला दहा, कारण त्याला दिसलं आणि तो बोलला नाही. धाकट्याला सात, कारण ज्याने बघायला हवं होतं त्याने बघितलंच नाही.

धाकट्याचा चेहरा पांढरा पडला. तो शिपायांच्या हातातून वळून म्हणाला, "दसऱ्याचा दिवस तर राणीसाहेबांनी ठरवला होता. त्यांचं काय?"

शिपायाने त्याच्या तोंडावर हात ठेवला. राणीने शिपायाला मागे व्हायला सांगितलं.

"खरं बोलतोय तो," ती म्हणाली. "दिवस मी ठरवला आणि दोर कसा आहे हे विचारलं नाही. घाटाच्या शेवटच्या तीन पायऱ्या आता बसवायच्या नाहीत. कधीच नाहीत. आणि रोजच्या स्नानाला मी त्याच घाटावरून उतरणार, पालखीतून नाही." ती सुंद्राकडे वळली. "बाई, समाधान झालं का तुझं?"

"समाधान कसलं, राणीसाहेब," सुंद्रा म्हणाली. "येमा काही घरी येत नाही. पण उद्या दुसरी कुणी दारात आडवी उभी राहिली, तर तिचं ऐकायला शेटलोकांना कान येतील. तेवढं झालं."

बंदिशाळेत त्या तिघांना दोर वळायचं काम मिळालं. अंबाडीच्या वाखाने पहिल्या महिन्यात त्यांचे तळहात फुटले. पुढे मधला शेट चांगले दोर वळू लागला. सडका वाख तो नुसत्या वासावरून बाजूला काढी, आणि लगेच पहारेकऱ्याला दाखवी. थोरला नवव्या वर्षी तिथेच वारला. मरेपर्यंत तो "पेढीनं ठरवलं" असंच म्हणत होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पागोटं त्यांच्या कोठडीत खुंटीला टांगलेलं होतं. त्याला कसर लागली.

खाण दुसऱ्या एका मालकाकडे गेली. पहिल्याच अमावास्येला तो स्वतः पाळण्यात बसला, शेजारी दोन धोंडे घेऊन. राणीचा हुकूमच होता. सनई नव्हती की नारळ नव्हता. वर आला तेव्हा तो पांढराफटक पडला होता, पण दोराचा कुठला पीळ कुठे घासतोय हे त्याने गाठ मारता मारता सांगितलं. त्या मालकाने नवव्या गाठीलाच दोर बदलला, आणि बाराव्या गाठीची वाट पुन्हा त्या कड्यावर कुणी पाहिली नाही.

दोर सुंद्राच वळत राहिली. वळताना ती अजूनही कुणाशी बोलत नसे.

घाट अजून आहे म्हणतात. सत्त्याण्णव पायऱ्या उतरलं की एकदम पाय अडतो. पुढे पायरी नाही, पाणी आहे, आणि एकमेकांचा हात धरल्याशिवाय तिथे उतरता येत नाही. सुंद्रा मुलीला तिथे नेई, तेव्हा मुलगी विचारी, "आई, इथल्या पायऱ्या कुठं गेल्या?" सुंद्रा तिचा हात घट्ट धरी आणि सगळं पहिल्यापासून सांगे.

ज्याच्या शब्दावर दुसरा माणूस संकटात उतरतो, त्याने ती जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर घ्यावी. नुसतं पागोटं पुढे करून कुणाची सुटका होत नाही.